अभ्यासिकेसाठी कार्पेट घेताय? ‘फायर रिटार्डंट’ या शब्दावर थांबू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तुमची अभ्यासिका आहे. साधारण ९० मुलं बसतात. खुर्च्या सरकवण्याचा आवाज फार होतो म्हणून हॉलमध्ये, पॅसेजमध्ये आणि जिन्यावरही कार्पेट टाकायचं आहे. दुकानदार म्हणतो माल फायर रिटार्डंट म्हणजे आग रोखणारा आहे, ‘क्लास वन’ आहे, मागे सीई हे युरोपचं चिन्ह छापलेलं आहे, आणि त्याने एका सर्टिफिकेटचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आहे. एवढं पुरेसं आहे का, आणि मालावर नेमका कोणता शिक्का बघायचा, असं तुम्ही विचारलंय.

पुरेसं नाही. दुकानदार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा त्यालाही तो कागद वरून जसा आला तसाच पुढे द्यायचा असतो, आत काय लिहिलंय ते त्याने वाचलेलं नसतं. मी टेक्स्टाईल इंजिनिअर आहे. आधी ११ वर्षं चाचणी प्रयोगशाळेत होते, तिथे रोज कार्पेट जाळून बघणं हेच काम होतं. गेली १४ वर्षं पुण्यातल्या ऑफिसं, हॉटेलं, सभागृहं यांच्या कामावर येणारा माल तपासून देते. एवढ्या वर्षांत ‘फायर रिटार्डंट’ हा शब्द मी हजार वेळा ऐकला असेल, पण तो कुठल्याही मानकातला दर्जा नाही. दर्जा कळायला चार गोष्टी लागतात: चाचणी कोणती, आकडा किती आला, कार्पेट कशावर अंथरून चाचणी केली, आणि तपासलेला माल तो हाच का. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा निसटते, म्हणून तिच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

आधी चाचण्या, कारण त्या डोळ्यांसमोर आल्या की कागद वाचणं सोपं जातं.

सगळ्यात साधी चाचणी गोळीची. अमेरिकेत १९७१ पासून मोठ्या कार्पेटना ती सक्तीची आहे. एफएफ १-७० या नावाने ती ओळखली जाते, छोट्या गालिच्यांसाठी एफएफ २-७०. नऊ इंचाचे आठ चौकोनी तुकडे कापतात, भट्टीत पूर्ण वाळवतात, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचा आधार राहत नाही. तुकड्यावर लोखंडी पत्रा ठेवतात, पत्र्याला मधोमध आठ इंचाचं गोल भोक. त्या भोकाच्या मध्यावर मेथेनामाइनची एक छोटी पांढरी गोळी ठेवून काडीने पेटवतात. ज्योत शांत, निळसर, दीड-दोन मिनिटं जळते. मग बघत बसायचं. चांगलं लोकरीचं कार्पेट असेल तर गोळीभोवती रुपयाएवढा काळा डाग पडतो, केस जळल्यासारखा वास येतो आणि आग आपोआप विझते. खराब पॉलिप्रॉपिलीन (एक कृत्रिम धागा) असेल तर धागे आधी आक्रसतात, मग वितळून त्यांचं तळं होतं, आणि त्या तळ्याच्या काठाने ज्योत हळूहळू पत्र्याकडे सरकत जाते. जळका भाग भोकाच्या काठापासून एक इंचाच्या आत आला की तो तुकडा नापास. आठपैकी सात पास व्हावे लागतात.

ही चाचणी एवढंच सांगते की पडलेल्या काडीने किंवा निखाऱ्याने कार्पेट पेट घेईल का. शेजारच्या खोलीत आधीच आग लागली असेल, छताखाली गरम धूर साठला असेल आणि त्याची धग खाली जमिनीवर पडत असेल, तेव्हा हेच कार्पेट काय करेल हे गोळी सांगत नाही. पॅसेज आणि जिना यांचा धोका नेमका तिथेच असतो.

त्यासाठी दुसरी चाचणी आहे, धगीच्या पॅनेलची. युरोपात तिचा क्रमांक ईएन आयएसओ ९२३९-१, अमेरिकेत एएसटीएम ई ६४८. सव्वातीन-साडेतीन फूट लांबीची कार्पेटची पट्टी आडवी ठेवतात आणि तिच्यावर ३० अंशात कललेलं तापलेलं पॅनेल असतं. पट्टीच्या एका टोकाला धग जवळजवळ ११ किलोवॅट प्रति चौरस मीटर, दुसऱ्या टोकाला फक्त १. जास्त धगीच्या टोकाला ज्योत लावतात. आग पुढे सरकते आणि एका जागी दमून थांबते. ती थांबली तिथे जेवढी धग होती, तो त्या कार्पेटचा आकडा. म्हणजे त्याहून कमी धगीत ते आग पुढे नेत नाही. आकडा जितका मोठा तितकं कार्पेट चांगलं. अंदाज यावा म्हणून सांगते, पुण्यातलं मे महिन्याचं भर दुपारचं ऊन साधारण एक किलोवॅट प्रति चौरस मीटर धरा.

युरोपच्या ईएन १३५०१-१ या वर्गवारीत या आकड्यावरून दर्जा ठरतो. ८ किंवा वर असेल तर बी-एफएल, साडेचार किंवा वर सी-एफएल, ३ किंवा वर डी-एफएल. कागदावर मोठं अक्षर आणि त्याच्या पायाशी बारीक एफएल असं ते छापलेलं असतं. एफएल म्हणजे फ्लोअर. ते बारीक एफएल नसेल तर तो दर्जा भिंतीच्या किंवा छताच्या मालाचा आहे, जमिनीचा नाही. त्याखालच्या ई-एफएल दर्जासाठी पॅनेल लागतच नाही. १५ सेकंद छोटी ज्योत दाखवायची आणि २० सेकंदांत ती दीडशे मिलिमीटरच्या वर गेली नाही की झालं. एफ-एफएल म्हणजे तेही जमलं नाही किंवा तपासलंच नाही.

दर्जापुढे एस-१ किंवा एस-२ असतं, ते धुराचं. एस-१ म्हणजे चाचणीत धूर ठरलेल्या मर्यादेत राहिला. एस-२ वाचून लोकांना वाटतं, दुसरा नंबर म्हणजे ठीकच असेल. प्रत्यक्षात एस-२ला धुराची कुठलीही मर्यादा नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली, ती बहुतेक धुराने गुदमरून. तुमच्याकडे ९० मुलं आणि उतरायला एक जिना. त्या जिन्यात धूर भरला तर आग हॉलच्या कोपऱ्यात असली काय आणि नसली काय, मुलांना फरक पडत नाही. म्हणून एस-२ माल तुमच्या जागेत मी अजिबात घेऊ देणार नाही, दर्जा कितीही वरचा असला तरी.

आता तुमच्या ‘क्लास वन’बद्दल. हा शब्द निदान तीन ठिकाणांहून येऊ शकतो. अमेरिकन ई ६४८ मध्ये क्लास वन म्हणजे धगीचा आकडा ०.४५ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर किंवा वर. हेच साडेचार किलोवॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे युरोपच्या सी-एफएलचीच रेषा. हा क्लास वन जमिनीसाठी कामाचा आहे. दुसरा क्लास वन आपल्या आयएस १२७७७ मधला आणि तिसरा ब्रिटनच्या बीएस ४७६ भाग ७ मधला. या दोन्हींत नमुना उभा धरून ज्योत त्याच्या पृष्ठावर किती पसरते ते बघतात. त्या भिंतीच्या आणि छताच्या अस्तरासाठीच्या चाचण्या आहेत. कार्पेट भिंतीवर चढवणार असाल तर त्यांचा उपयोग, जमिनीवर टाकणार असाल तर त्यांच्यावरून काही ठरवता येत नाही. कधी ‘क्लास ए’ असंही दिसतं, ते बहुधा एएसटीएम ई ८४ चं असतं. त्यात नमुना बोगद्याच्या छताला लावून जाळतात. चीनमधून आलेल्या मालावर ‘बी वन’ असतं, ते त्यांच्या जीबी ८६२४ प्रमाणे, आणि त्या एका बी वनमध्ये युरोपचे बी आणि सी दोन्ही दर्जे मावतात. त्यामुळे वर्गाचं नाव ऐकलं की लगेच विचारा, कोणत्या मानकातला?

आणखी एक घोळ ‘क्लास ३३’चा. हा माझ्यासमोर चांगल्या शिकलेल्या आर्किटेक्टनी आगीचा दर्जा म्हणून मांडलेला आहे. तो वापराचा वर्ग आहे. दोनने सुरू होणारे वर्ग घरासाठी, तीनने सुरू होणारे दुकान-ऑफिससाठी, दुसरा आकडा वर्दळीचा. कार्पेट किती वर्षं झिजणार नाही हे त्यावरून कळतं, जळेल की नाही हे नाही.

सीईचं काय? युरोपात फ्लोअरिंगसाठी ईएन १४०४१ हे मानक आहे, त्याप्रमाणे मालाची माहिती जाहीर करून सीई लावतात. १ जुलै २०१३ पासून तिथे त्यासोबत कामगिरीचं जाहीरनामा-पत्रही द्यावं लागतं. पण सीई म्हणजे आगीत टिकतो असं नव्हे. ई-एफएल मालावरही सीई असतं, आणि ते कायदेशीर असतं, कारण उत्पादकाने दर्जा लपवलेला नाही. सीईच्या शेजारी काय लिहिलंय ते वाचायचं: ईएन १४०४१, दर्जा, वर्ष, आणि जिथे प्रयोगशाळा किंवा संस्था गुंतलेली असते तिथे तिचा चार अंकी क्रमांक. नुसती दोन अक्षरं असतील आणि पुढे काही नसेल, तर ती दोन अक्षरं विसरून जा.

मालाच्या पाठीवरची इतर चिन्हंही एका दमात सांगते. ग्रीन लेबल प्लस हे खोलीत सुटणाऱ्या रसायनांबद्दल आहे. वूलमार्क लोकरीबद्दल. गुडवीव्ह बालमजुरीबद्दल. तिन्ही चांगली आहेत, आगीशी एकाचाही संबंध नाही. अमेरिकन मालावर कधी एकच अक्षर ‘टी’ दिसतं. त्याचा अर्थ, या मालाला आग रोखणारं रसायन लावलेलं आहे. असा माल दहा वेळा धुऊन मग तपासायचा असतो, कारण वरून लावलेलं रसायन धुण्यात जातं. आपल्याकडे काही लोक जागेवर येऊन पंपाने फवारणी करतात आणि सर्टिफिकेट देऊन जातात. शाम्पू किती झाल्यावर पुन्हा फवारायचं, हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं मला अजून दिसलेलं नाही. पैसे घालवू नका.

भारतीय बाजू. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा भाग ४ आगीबद्दल आहे आणि आपल्या राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं लायसन्सधारक एजन्सीचं बी नमुन्यातलं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. तुम्ही ते देत नसाल तर कार्पेटच्या आधी ते करा. पण ते प्रमाणपत्र सिलिंडर, होज, अलार्म यांचं असतं, कार्पेटच्या पाठीवर काय आहे ते त्यात कुणी बघत नाही. ती जबाबदारी तुमच्याकडेच राहते. आयएस १५७४१ क्रमांक दाखवला तर तो पडद्यांचा आहे, हेही लक्षात ठेवा. आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्यासोबतचा लायसन्स क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी आपली संस्था. तिचं चिन्ह असलेल्या चाचणी अहवालावर यूएलआर क्रमांक, म्हणजे त्या अहवालाचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि त्या प्रयोगशाळेला नेमक्या त्याच चाचणीची मान्यता आहे का ते एनएबीएलच्या वेबसाइटवर दिसतं. मुंबईत बीट्रा आणि सस्मिरा, अहमदाबादला अटिरा, रुडकीला सीबीआरआय अशा जुन्या संस्था आहेत. शंका असेल तर कोणती चाचणी कुठे होते ते फोन करून विचारता येतं.

आता ती तिसरी गोष्ट, कशावर अंथरून.

काही वर्षांपूर्वी खराडीतल्या एका ऑफिसचं काम होतं. मार्चअखेर, मालकाला १ एप्रिलला लोक बसवायचे होते. कार्पेटचा अहवाल स्वच्छ होता: बी-एफएल एस-१, नामांकित प्रयोगशाळा, तारीख ताजी. नावही जुळत होतं. मी साइटवर गेले तेव्हा अर्धा मजला अंथरून झालेला होता. चालताना पायाला मऊ लागलं. कोपरा उचलून बघितला तर खाली दहा मिलिमीटरचा पिवळा फोम. पायाला बरं वाटावं म्हणून कंत्राटदाराने स्वतःहून घातलेला, ज्यादा पैसेही न घेता. अहवालाचं दुसरं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, नमुना फायबर-सिमेंटच्या बोर्डावर थेट चिकटवून तपासला. फोमचा उल्लेख नाही.

लोकांना वाटतं खालचा फोम दिसत नाही, मग त्याचा काय संबंध? संबंध असा: कार्पेट सिमेंटला चिकटलेलं असतं तेव्हा वरून आलेली उष्णता खाली जमिनीत शोषली जाते. जमीन थंड, जाड, न जळणारी. मध्ये फोम आला की ती वाट बंद होते, उष्णता कार्पेटमध्येच साठते, धागे लवकर वितळतात, आणि वितळलेला माल झिरपून फोमपर्यंत गेला की फोम स्वतः इंधन होतो. आम्ही तेच कार्पेट त्याच फोमसकट तपासायला पाठवलं. आकडा साडेचारच्याही खाली आला. एकाच कार्पेटचा दर्जा बीवरून डीवर, फक्त खालचं अंथरूण बदलल्यामुळे. मालक चिडले, पण फोम काढला. लोक एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बसले.

तेव्हापासून मी पहिलं पान बघतच नाही, आधी नमुना कसा बसवला होता तेच वाचते. चिकटवलेला की मोकळा, कोणत्या चिकटद्रव्याने, खाली काय, कार्पेटची एकूण जाडी आणि वजन किती. हे तुमच्या जागेशी जुळत नसेल तर दर्जाही तुमच्या जागेचा नाही.

धाग्याबद्दल थोडं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशाला वितळतं, ‘नायलॉन ६’ प्रकारचं नायलॉन २२० च्या आसपास, पॉलिस्टर २६० च्या जवळ. लोकर वितळत नाही, ती पेटायलाच ५७० ते ६०० अंश लागतात. म्हणून लोकर उत्तम, पण अभ्यासिकेच्या बजेटमध्ये ती बसणार नाही हे मला कळतं. नायलॉनची चांगली कार्पेट टाइल, म्हणजे ५० बाय ५० सेंटिमीटरची, पाठीत खनिज भरलेली, ती सी-एफएल एस-१ किंवा बी-एफएल एस-१ मध्ये मिळते. त्या पाठीत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असेल तर साधारण २०० अंशाच्या वर ते स्वतःतलं पाणी सोडतं आणि आग थंड करतं. मांडववाले वापरतात ते सुयांनी टोचून बनवलेलं पातळ हिरवं-लाल कार्पेट मात्र आत आणू नका, स्वस्त पडलं तरी.

घरी तुकडा जाळून बघावा का, असं बरेच जण विचारतात. गच्चीवर, स्टीलच्या ताटात, शेजारी बादलीभर पाणी ठेवून, चार धागे चिमट्यात धरून जाळा. वितळून थेंब पडले तर कृत्रिम, केसांचा वास आणि चुरडणारी राख असेल तर लोकर. यातून धागा कळतो. दर्जा कळत नाही.

तुमच्या जागेत मी काय करेन ते सांगते. जिना आणि पॅसेज यांवर कार्पेट टाकणार नाही. जुनी फरशी असेल तर ती राहू द्या, फरशी पेटत नाही. जिना लाकडी असेल तर त्यावर जळाऊ माल आणखी चढवण्यात अर्थच नाही. हॉलमध्ये टाकायचंच असेल तर किमान सी-एफएल एस-१, फोम न घालता, थेट जमिनीवर. उरलेले तुकडे भिंतीला स्कर्टिंग म्हणून वर चढवू नका. जमिनीसाठी तपासलेला माल उभा केला की आग त्यावर वेगळीच चालते, उभ्या पृष्ठावर ज्योत स्वतःच्या पुढचा भाग तापवत जाते.

वायर कार्पेटखालून नेऊ नका. अभ्यासिकांमध्ये हे मी सर्रास बघते: प्रत्येक टेबलाला लॅपटॉप आणि मोबाइलचा पॉइंट हवा, मग एक्स्टेंशन बोर्डाची वायर कार्पेटखाली सरकवतात. वरून खुर्चीची चाकं आणि पाय रोज फिरतात, इन्सुलेशन चिरडतं, उष्णता निघायला जागा नसते. तुमच्या हॉलमध्ये आग लागलीच तर ती काडीने लागण्याची शक्यता कमी आणि इथून लागण्याची जास्त. पॉइंट भिंतीवरून किंवा टेबलाच्या कडेने केसिंगमधून घ्या.

अंथरण्याच्या दिवशी अभ्यासिका बंद ठेवा. चिकटवायचं सोल्यूशन जर सॉल्व्हंटचं असेल तर त्याची वाफ जमिनीलगत साठते आणि एका ठिणगीने पेटते. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक चिकटद्रव्य मागा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्याच दिवशी एसीवाल्याला किंवा वेल्डरला बोलावू नका.

बिलावर उत्पादकाचं नाव, मालाचं नाव, लॉट क्रमांक, दर्जा आणि मानकाचा क्रमांक लिहून घ्या. ‘कार्पेट, इतके चौरस फूट’ एवढंच लिहिलेलं बिल नंतर कुठेच उपयोगी पडत नाही. प्रत्येक लॉटमधून एक फूटभर तुकडा कापून ठेवा, पाठीवर तारीख घालून दुकानदाराची सही घ्या. मी माझ्या प्रत्येक कामाचे असे तुकडे ठेवते, १४ वर्षांचे दोन कपाटं भरलेत, आणि वादाच्या वेळी त्यांनीच निकाल लावलाय.

आणि खुर्च्यांचा आवाज ही जर खरी अडचण असेल, तर आधी सगळ्या खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच बसवून पंधरा दिवस बघा. ९० खुर्च्या म्हणजे ३६० बुचं, कार्पेटच्या तुलनेत खर्च नगण्य. आवाज मुलांच्या सहन करण्याइतका खाली आला तर कार्पेटचा विषयच संपतो. नाहीच आला, तर दुकानदाराकडून अहवालाची सगळी पानं मागवा, फोटो नको, पूर्ण पीडीएफ, आणि नमुना कसा बसवला होता ते पान इथे टाका. मी वाचून सांगते.